रोस्तान पंप

दूध संघाच्या कारखान्यात कोणाला संगणकाच्या कुठल्या पडद्यापर्यंत जाऊ द्यायचं हे जे सॉफ्टवेअर ठरवायचं, त्याला सगळे ‘दारवान’ म्हणत. हे नाव कारखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या एबेर गेमोनातनेच ठेवलं होतं, एकोणीस वर्षांपूर्वी. त्या वेळी ते त्याला भलतंच चपखल वाटलं होतं. त्या वेळी त्याच्या डोक्यावर केसही होते, तेव्हा त्याच्या तेव्हाच्या मताला किती किंमत द्यायची हे ज्याचं त्याने ठरवावं.

ऑक्टोबरात दारवान बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. एकतीस मार्चनंतर या जुन्या आवृत्तीला कसलाही आधार मिळणार नाही. बिघडलं तर दुरुस्त करणार नाही, विचारलं तर उत्तर देणार नाही आणि चोर शिरले तर आम्हाला सांगू नका. पत्राची भाषा याहून गोड होती, पण मतलब एवढाच. एबेरने ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्याला आपल्या गुडघ्याच्या डॉक्टरची आठवण झाली.

तरी तो मनातून खूश झाला. नवं सॉफ्टवेअर आणायचं म्हणजे योजना हवी, योजना म्हणजे बैठका, आणि बैठका म्हणजे संचालक मंडळासमोर उभं राहून भिंतीवर चित्रं दाखवायची. एकोणीस वर्षांत संचालकांनी त्याला दोनदाच आत बोलावलं होतं, त्यातलं एकदा प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून. आता मात्र व्यवस्थापक आर्तुसने, ज्याला सगळे ‘इंजिनिअर’ म्हणत, तोंडी कबूल केलं होतं की योजना मंजूर झाली की तिचा प्रमुख एबेरच. नाही झाली तर काम राजधानीतल्या, मोन्तेविदेओच्या सल्लागारांकडे जाणार, आणि एबेर निवृत्त होईपर्यंत जुने कीबोर्ड मोजत बसणार. त्याने निळा सूट इस्त्रीला टाकला. बैठकीला अजून सहा आठवडे अवकाश होता.

योजनेचं पहिलं पान म्हणजे यादी. दारवानाकडे जेवढी लॉगिनं नोंदलेली आहेत, त्या प्रत्येकाचा मालक कोण आणि त्याला आत काय काम आहे. ऐकायला सोपं. एबेरने एकशे त्रेचाळीस माणसांना फॉर्म पाठवला: ‘तुम्ही कुठलं लॉगिन वापरता? कशासाठी?’ सगळ्यांनी लिहिलं, स्वतःचं वापरतो, कामासाठी वापरतो. एकाने खाली ‘गुडघा कसा आहे?’ असंही विचारलं होतं.

खरं कोण लिहिणार? कारखान्याच्या प्रत्येक भिंतीवर एबेरनेच चिकटवलेला कागद होता: ‘पासवर्ड म्हणजे दात घासायचा ब्रश. दुसऱ्याला देऊ नका.’ आणि त्या प्रत्येक कागदाखाली चार जण काखोटीला गरम पाण्याचा थर्मास धरून भोपळ्याच्या एकाच पेल्यातून, एकाच नळीने, आळीपाळीने माते-चहा ओढत उभे. नळी पुसायचीसुद्धा नाही, पुसली तर देणारा दुखावतो. तोंडची नळी जिथे नाकारता येत नाही, तिथे पासवर्ड कुठल्या तोंडाने नाकारणार? शेजारचा म्हणतो, जरा आत जायचंय रे, आणि तुम्ही काय ब्रशाचं प्रवचन देणार?

एबेरला हे पुरतं ठाऊक होतं. कारण कारखान्यातली सगळ्यात जुनी, सगळ्यांच्या तोंडून फिरलेली नळी त्यानेच बसवली होती. फक्त ते आठवायचं नाही अशी त्याने स्वतःला सवय लावून घेतली होती, आणि या कामात तो चांगलाच तयार झाला होता.

यादी तपासायला मोन्तेविदेओहून लुक्रेसिया बेन्तान्कोर आली. एबेरच्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान, काखोटीला थर्मास नाही, आणि प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत गप्प बसण्याची वाईट खोड.

“एबेर, हे ‘एन-रोस्तान’ काय आहे?”

“कुठलं?”

“हे. चारशे बारा परवानग्या आहेत याला. व्यवस्थापकांना सत्तावन्न आहेत. आणि शेवटचा वापर...” तिने पडद्याकडे वाकून पाहिलं. “चार मिनिटांपूर्वी.”

ती गप्प बसली.

“पंप आहे तो,” एबेर म्हणाला.

आपल्या तोंडून हे निघालं यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. पण एकदा निघालं म्हटल्यावर तो मागे हटणारा नव्हता.

“कच्च्या दुधाच्या टाकीचा. रोस्तान कंपनीचा. इटालियन.”

“पंपाला लॉगिन?”

“आकडे पाठवतो ना तो. आपोआप.”

“आणि एन?”

“नंबर.”

लुक्रेसियाने टाइप केलं: रोस्तान पंप, मालक एबेर गेमोनात. “मॉडेल कुठलं ते बघून सांगा. नव्या सिस्टिमला जसंच्या तसं जोडून घेऊ.”

“बघून सांगतो,” एबेर म्हणाला आणि त्याने संडासात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

मोन्तेविदेओच्या मुलीला कळायचं कारण नव्हतं, पण या गावात दर सातव्या दारावर रोस्तान नावाची पाटी आहे. पणजोबांच्या बोटीतून पाच-सहा आडनावं उतरली, तीच अजून पुरवून पुरवून वापरणं चाललंय. रोस्तान बेकरी आहे, रोस्तान दातांचा डॉक्टर आहे, इंजिनिअरची बायको रोस्तान आहे. पंप तेवढा नव्हता, ती उणीव एबेरने भरून काढली.

एन-रोस्तान म्हणजे नेल्दा रोस्तान. अडतीस वर्षं दुधाच्या डॉकवर नोकरी केलेली बाई. टँकर आत घेणं, लॅबचा निकाल, शीतगृह, मालाची रवानगी, जे जे नवीन काम निघालं ते तिच्या गळ्यात पडत गेलं आणि त्याची परवानगी तिच्या लॉगिनला चिकटत गेली. अकरा वर्षांपूर्वी एका शुक्रवारी ती निवृत्त झाली. केक कापला, भाषणं झाली, आणि दुपारी तीनला कळलं की तिच्या जागी आलेल्या माणसाला टँकरची नोंदच करता येत नाहीये. कुठली परवानगी कमी पडतेय ते एबेरला सापडेना. सूट तेव्हाही अंगात होता, घरी पाहुणे जेवायला यायचे होते. तो नेल्दाला, डॉकवरच्या सगळ्यांसारखंच मानाने ‘दोन्या’ लावून, म्हणाला, “दोन्या नेल्दा, तुमचं लॉगिन चालू ठेवतो. मोबाइलवर कोड येईल, कोणाचा फोन आला तर तेवढा सांगून टाका. फक्त सोमवारपर्यंत.”

सोमवारी सर्व्हर बिघडला. मंगळवारी सुट्टी होती. पुढच्या महिन्यात आठवण झाली तेव्हा सगळं सुरळीत चाललं होतं, आणि सुरळीत चाललेल्या गोष्टीला हात लावायचा नाही हे एबेरच्या धंद्यातलं पहिलं तत्त्व. दुसरं तत्त्व असं की नोंदवही उघडायची नाही. उघडली की वाचावी लागते.

आता उघडायलाच हवी होती. पण त्याने त्याहून सोपी वाट काढली. बैठक गुरुवारी होती. बुधवारी गुपचूप ते लॉगिन बंद करायचं आणि गुरुवारी मंडळासमोर सांगायचं की पंप जुना झाला होता, भंगारात काढला. खबरदारी म्हणून तो डॉकवर जाऊन मुकादम पोचोला भेटला.

“पोचो, खरं सांग. नेल्दाचं लॉगिन इथे कोणी वापरतं का रे अजून?”

पोचोने डोक्यावरच्या भिंतीकडे, ब्रशाच्या कागदाकडे पाहिलं. मग एबेरकडे पाहिलं. मग भोपळ्यात गरम पाणी ओतून त्याच्यापुढे धरला.

“छे छे. पूर्वी कधीतरी. घ्या.”

एबेरने घेतला. बुधवारी सकाळी सव्वादहाला त्याने बटण दाबलं, हात झटकले आणि निळ्या सुटाबरोबर कुठला टाय जाईल याचा विचार करू लागला.

दहा-पंचविसाला पहिला टँकर फाटकात अडला. साडेदहाला तीन झाले. दुधाची नोंद झाल्याशिवाय टाकीचा व्हॉल्व्ह उघडत नाही, आणि नोंद करणारा पडदा म्हणत होता की नेल्दा रोस्तान यांना प्रवेश नाही. अकराला नऊ टँकर रांगेत उभे होते, नोव्हेंबरचं, तिकडच्या उन्हाळ्याच्या तोंडचं ऊन पत्र्यावर तापत होतं, ड्रायव्हर उतरून सावलीत आपापले थर्मास काढून बसले होते. लॅबवाली खिडकीतून ओरडत होती की एवढ्या वेळात दुधाचं दही होईल. शीतगृहाचं दार उघडेना. रवानगीवाल्यांच्या प्रिंटरवर कागद येईना. एबेर खाली धावला, आपल्या गुडघ्याला जमेल तेवढं.

“पूर्वी कधीतरी म्हणालास ना!”

“मग काय सांगू?” पोचो भडकला. “दातांचा ब्रश सामायिक आहे म्हणून फॉर्मवर लिहून देऊ? सगळा डॉक तिच्यावर चालतो, एबेर! तीनही पाळ्या! तुम्हाला माहीत नव्हतं?”

“नव्हतं,” एबेर म्हणाला. पंपानंतरची ही दुसरी थाप, आणि ही तर कोणालाच पटली नाही.

तो वर जाऊन लॉगिन परत चालू करायला लागला. दारवान म्हणाला, मालकाच्या मोबाइलवर पाठवलेला कोड टाका. हा नियम तेरा वर्षांपूर्वी एबेरनेच लावला होता आणि तो मोडता येऊ नये म्हणून दोनदा तपासला होता. कंपनीला फोन करावा तर या आवृत्तीसाठी फोन उचलणारा माणूस आता फक्त मंगळवारी असे. त्याने नेल्दाच्या घरचा नंबर शोधून फिरवला. एंगेज. परत फिरवला. एंगेज. पाचव्या वेळी त्याने खिडकीतून पाहिलं, तर खाली डॉकवर सहा जण कानाला फोन लावून उभे होते. ते सगळे तिलाच लावत होते.

नेल्दाचं घर सहा गल्ल्यांवर. एबेर पोचोची मोपेड घेऊन निघाला. दार उघडंच होतं. नेल्दा स्वयंपाकघरात बसली होती, बहात्तर वर्षांची, ताठ, भिंतीवरच्या फोनची वायर ताणून रिसीव्हर कानाशी धरलेला, मोबाइल पुढ्यात टेबलावर. घरच्या फोनवर कॉल घ्यायचा म्हणजे मोबाइल कोडसाठी मोकळा राहतो, अशी तिची सोय होती.

“ओरडू नकोस, पोचो. मी काय मशीन आहे का?” ती फोनमध्ये म्हणत होती. मग तिने वर पाहिलं. “थांब. आलाय तो.”

तिने फोन ठेवला आणि एबेरला खुर्ची दाखवली.

“सहा गल्ल्या ओलांडायला अकरा वर्षं लागली तुला.”

“दोन्या नेल्दा, आधी कोड सांगा. टँकर खोळंबलेत.”

“कशाला हवाय?”

“सांगितलं ना, टँकर...”

“टँकर पोचोचे. तुला कशाला हवाय ते विचारतेय.”

मोबाइलवर सहा आकडे आलेले एबेरला उलटे दिसत होते. हात पुढे केला असता तर वाचताही आले असते. पण तिच्यासमोर हात पुढे करायची त्याची छाती झाली नाही.

“मीच बंद केलं तुमचं लॉगिन,” तो म्हणाला. “उद्या बैठक आहे. यादीत तुम्हाला... मी पंप म्हणून दाखवलंय.”

“काय म्हणून?”

“पंप. टाकीचा.”

नेल्दाने मोबाइल स्वतःकडे ओढून घेतला.

“कुठला?”

“इटालियन.”

“निदान तेवढं तरी बरं केलंस,” ती म्हणाली आणि मोबाइल त्याच्याकडे सरकवला.

एबेरने वर ऑफिसात फोन करून आकडे सांगितले. तिकडे व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज त्याला फोनवरून ऐकू आला, त्यामागोमाग पोचोच्या शिव्या. त्याने कपाळ पुसलं. नेल्दाने तोवर एक शाळकरी वही पुढे ओढून तारीख घातली होती आणि ती लिहीत होती. एबेरने वाकून पाहिलं. ‘एबेर गेमोनात. लॉगिन परत चालू करायला. कारण: लाज.’

“हे काय आहे?”

“वही. अडतीस वर्षं त्या दारावर काढली मी. कोण आत गेलं ते लिहिल्याशिवाय दार उघडायचं मला जमत नाही.”

कपाटात अशा आणखी बावीस वह्या होत्या. एबेरने एक चाळली, मग दुसरी. दिवस, वेळ, कोण, कुठल्या पडद्यासाठी, कशाला. ‘पोचो, टँकर ७, पहाटे ५. आवाज बसलाय, मध घे म्हटलं.’ ‘लॅबची सुसी, चरबीचा निकाल दुरुस्त करायला. रडत होती, विचारलं नाही.’ ‘रवानगीचा नवा मुलगा, शीतगृह. कशाला ते सांगता येईना. कोड दिला नाही.’ असे ‘दिला नाही’ मोजायचं म्हटलं तर पानोपानी सापडत होते.

त्याचा चेहरा उतरला. गेले सहा आठवडे तो ज्या यादीसाठी डोकेफोड करत होता, कोणाला काय लागतं आणि का, ती इथे निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात तयार होती. त्याच्या दारवानाने एकोणीस वर्षांत एकाही माणसाला ‘कशाला’ म्हणून विचारलं नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट त्याला नको असताना दिसली. सगळ्या कारखान्याची नावं त्या वह्यांत होती, अगदी इंजिनिअरचंसुद्धा. एबेरचं नाव आजच्या तारखेला पहिल्यांदा आलं होतं. बाकीच्यांनी कोडाच्या निमित्ताने का होईना, बाई कशी आहे ते विचारलं होतं.

फ्रिजच्या दारावर एका लहान मुलाचा फोटो होता, समुद्रकिनाऱ्यावर, पुढचे दोन दात पडलेले.

“नातू?”

“ब्रुनो. आना लाउराचा. स्पेनमध्ये, विगोला. सात वर्षांचा झाला.”

“जाऊन आलात की नाही?”

नेल्दाने वही बंद केली.

“तिकडे गेलं की हे मेसेज येत नाहीत. विचारलं मी दुकानात. बहिणीच्या गावी, मेर्सेदेसलासुद्धा जाते ती दोन पाळ्यांच्या मधे. दूध काय, रोजच येतं.”

“अहो, पण मग सांगायचं नाही का कोणाला?”

“तू म्हणालास ना, सोमवारपर्यंत,” नेल्दा म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने, आणि तेच एबेरला सहन होईना. “मला वाटलं, येईल. तारीख विचारून घ्यायला हवी होती. चूक माझी.”

पाहुणे त्या शुक्रवारी आलेच नव्हते, हे त्याला त्या क्षणी आठवलं.

तो उठला तेव्हा तिने दारापर्यंत येऊन विचारलं, “मग उद्या काय सांगणार आहेस?”

“बघतो.”

“पंप म्हणून सांगितलंस तरी माझी ना नाही. पण मग तुमच्या त्या नव्यातही मीच. पंपाला रजा नसते.”

गुरुवारी सकाळी एबेर निळ्या सुटात मंडळाच्या खोलीबाहेर बसला होता आणि स्वतःशी सौदा करत होता. लुक्रेसिया म्हणालीच होती, पंप जसाच्या तसा जोडून घेऊ. म्हणजे आज गप्प बसलं तर योजना मंजूर, प्रमुखपद त्याचं, आणि नेल्दाचं हळूहळू बघता येईल. उन्हाळा संपला की. फार तर पुढच्या वर्षी. आपण पुन्हा एकदा ‘सोमवारपर्यंत’च म्हणतोय, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा आतून हाक आली होती.

आत नऊ संचालक होते, सगळे दूध घालणारे शेतकरी, तीन थर्मास फिरत होते. एबेरने चित्रं दाखवली. बाण, चौकोन, रंग. कोणी झोपलं नाही, हाच मोठा विजय होता. मग यादीचं पान आलं आणि इंजिनिअर आर्तुसने चष्मा वर केला.

“रोस्तान पंप? माझी बायको रोस्तान आहे. पंपाचं कधी बोलली नाही.”

लोक हसले. एबेरही हसला. इथे हसण्यावारी नेता आलं असतं, जागा आयती होती. लुक्रेसिया गप्प बसून त्याच्याकडे पाहत होती.

“पंप नाहीये तो,” एबेर म्हणाला. “नेल्दा आहे.”

आणि मग त्याने सगळं सांगितलं. शुक्रवार, केक, सोमवारपर्यंत, भिंतीवरचे कागद, कालचे टँकर. विगोचंही सांगितलं. सांगताना टाय गळ्याला काचत होता, तो त्याने काढून खिशात कोंबला. बोलणं संपलं तेव्हा थर्मास फिरायचे थांबले होते.

सगळ्यात म्हाताऱ्या संचालकाने, ज्याच्या गाई नेल्दाच्या वडिलांच्या शेताशेजारी चरायच्या, घसा साफ केला.

“म्हणजे अकरा वर्षं आपलं सगळं दूध नेल्दाच्या स्वयंपाकघरातून जातंय?”

“हो.”

“तरीच कधी गडबड झाली नाही.”

या वेळी सगळे हसले ते एबेरला लागायचं तेवढं लागलं. आर्तुस मात्र हसला नाही. मंडळाने योजना मंजूर केली आणि त्याने प्रमुख म्हणून लुक्रेसियाचं नाव घातलं. एबेरने तिच्या हाताखाली काम करावं. “आणि त्या वह्या आणा,” तो म्हणाला. “नेल्दाला विचारून. आणि एबेर, ते भिंतीवरचे कागद आजच्या आज काढ.”

एबेरने शिडी घेऊन स्वतः काढले. एकतीस निघाले. पोचोने शिडी धरली आणि तोंडातून एक शब्द काढला नाही, हे त्याचे उपकारच म्हणायचे.

जानेवारीपासून नेल्दा आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात यायला लागली. ती वहीतून वाचायची, लुक्रेसिया टाइप करायची, आणि एबेर दोघींना माते-चहा करून द्यायचा. एक दिवस लुक्रेसियाने भोपळा त्याच्या हातून घेतला, नळी न पुसता ओढली आणि म्हणाली, “एबेर, पाणी फार गरम आहे.” एकशे त्रेचाळीस माणसांना एकशे त्रेचाळीस लॉगिनं झाली. कोड विसरला तर मदतीच्या खिडकीवर जायचं, आणि तिथला माणूस आधी विचारणार, कशाला हवंय. हा नियम नेल्दाचा. नव्या सॉफ्टवेअरला तो शिकवता आला नाही, म्हणून खिडकी ठेवावी लागली.

चोवीस मार्चला, सोमवारी, सकाळी आठ वाजता दारवान बंद करायचं ठरलं. सोमवारच हवा, असं एबेरने लिहून दिलं होतं आणि लुक्रेसियाने कारण विचारलं नव्हतं. नेल्दा विगोला जायची बॅग घेऊनच आली. शेवटचा कोड तिने स्वतः टाकला, स्वतःच बटण दाबलं आणि तेविसावी वही मिटून लुक्रेसियाच्या टेबलावर ठेवली. डॉकवरची माणसं तिला बसपर्यंत सोडायला गेली. पोचोने मधाची बाटली दिली. बसच्या पायरीवर ती एबेरकडे वळली.

“बॅग फार जड आहे का रे? विमानात घेतील ना?”

“घेतील, दोन्या नेल्दा.”

“तू सांगतोस म्हणून भीती वाटते,” ती म्हणाली आणि चढली.

दिवस चांगला गेला. टँकर आले, व्हॉल्व्ह उघडले, निकाल छापले गेले. दुपारी साडेतीनला एबेर जेवून परत आला, त्याने स्वतःचं लॉगिन टाकलं, आणि पडदा म्हणाला, कोड चुकला. पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा टाकला तेव्हा पडद्याने त्याला बाहेर काढलं. ज्या माणसाने सगळ्या कारखान्याला नव्या सॉफ्टवेअरशी मोबाइल जोडायला शिकवलं, तो स्वतःचा जोडायला विसरला होता.

त्याने टेबलावरचा फोन उचलला आणि एक नंबर फिरवला. मदतीच्या खिडकीचा नव्हे. बोटांनी त्या बुधवारी पाच वेळा फिरवला होता, तोच. आपण काय करतोय हे कळलं तेव्हा तिकडे घंटा वाजायला लागली होती.

या खेपेला एंगेज नव्हता. सहा गल्ल्या पलीकडच्या बंद घरात, भिंतीवरचा फोन वाजत होता, आणि तो घ्यायला कोणी नव्हतं. या वेळी ती कुठेतरी समुद्राच्या वर, विमानात असेल, खिडकीशी, ताठ बसून. कशा आहात, एवढंच विचारायला हवं होतं, त्याला वाटलं, आणि विचारायला आपल्याला कोडाची गरजही नव्हती. घंटा वाजून वाजून आपोआप बंद पडेपर्यंत तो ऐकत राहिला. कोणी उचलला नाही याचं त्याला बरं वाटलं, आणि वाईटही तेवढंच वाटलं.

मग तो खाली मदतीच्या खिडकीवर गेला. पुढे पोचो आणि आणखी चार जण होते, तो त्यांच्या मागे उभा राहिला.